भेगांची वही

आई गेली त्याला चौदा महिने झाले. मी एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. शिक्षकांच्या खोलीत सगळ्याजणी म्हणतात, आईवर लिही, तुझी आई वेगळी होती. वेगळी होती हे खरं आहे. तिने मला शिकवलं, आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पहिली पदवी माझ्या हातात आली ती तिच्यामुळे, आणि मी तिची ऋणी आहे. पण एवढंच लिहून थांबले तर ते खोटं होईल.

आई गणेशपुरीकडच्या एका खेड्यातली. आजोबांची भातशेती. दहावीनंतर तिने सिव्हिलचा डिप्लोमा केला. वर्गात ती एकटीच मुलगी. लग्न होऊन भिवंडीत आली आणि एका कन्सल्टंटच्या ऑफिसात लागली. मानकोली, काल्हेरकडची कितीतरी गोदामं तिच्या हातची. खांब कुठे, तुळई किती जाड, पाणी कुठून काढायचं, सगळं ती ठरवायची. नकाशाच्या कोपऱ्यात सही मात्र साहेबांची, कारण साहेब पदवीवाले होते. तिला त्याचं वाईट वाटायचं का, ते मला माहीत नाही. मला दप्तर भरून देताना ती एवढंच म्हणायची, "तू पदवी घे. कशातलीही घे, पण घे."

बाबा एका लूमच्या कारखान्यात सुपरवायझर होते. दहावी झालेले, कमी बोलणारे. घरात आवाज असलाच तर आईचा, आणि मागच्या भिंतीपलीकडच्या लूमचा. आमच्या बिल्डिंगच्या मागे लूमच्या शेडची रांग होती. दिवसभर भिंती हलक्या थरथरायच्या. लाइट गेली आणि लूम थांबले की आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आई साइटवरून यायची, नखांतलं सिमेंट ब्रशने घासून काढायची आणि माझ्या वह्या घेऊन बसायची. विज्ञानाच्या वहीत बेडकाच्या पोटातल्या अवयवांची आकृती मला कधी जमली नाही. ती माझा हात धरून काढून घ्यायची, स्वतः काढून द्यायची नाही. शनिवारी अर्धी शाळा सुटली की मला साइटवर न्यायची, पत्र्याच्या सावलीत बसवायची आणि पेन्सिल हातात देऊन सांगायची, समोर दिसतं ते काढ. माझं कधी काही धड झालं नाही. तिने काढलेलं नुसत्या तिरक्या काठीचं चित्रही मात्र बघत राहावंसं वाटायचं.

बिल्डिंगच्या गणपतीचं मखर दरवर्षी आईचं असायचं. नुसत्या पुठ्ठ्याचं. एकही खिळा नाही, खाचांत खाचा बसवलेल्या. एका वर्षी देऊळ, एका वर्षी गलबत. पाचव्या दिवशी ते घडी होऊन चेअरमनकाकांच्या माळ्यावर जायचं. चेअरमनकाका म्हणजे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क. ते आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या वहिनींच्या हातात कला आहे." तोपर्यंत सगळं चांगलं होतं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आईला आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत भेगा दिसल्या. भेगा सगळ्यांनाच दिसत होत्या, पण आई त्यांच्याकडे बघायला लागली. छोट्या हातोडीने ती भिंती ठोकून बघायची, कान लावून ऐकायची. मग तिने फोटोफ्रेमवाल्याकडून उरलेल्या काचेच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून आणल्या आणि भेगांवर आडव्या बसवल्या, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून. प्रत्येक पट्टीवर मार्करने तारीख. तिने मला समजावून सांगितलं होतं: काच ताणली जात नाही. भिंत केसभर जरी सरकली तरी पट्टी तडकते. तडकली नाही तर भेग जुनी आहे, भिऊ नकोस. तडकली तर बिल्डिंग चालते आहे.

जिन्याच्या कोपऱ्यापासून आमच्या दारापर्यंत सहा पट्ट्या होत्या. त्यांची तिने एक वही केली. आलेखाच्या कागदावर पेन्सिलने दर महिन्याला भेग जशीच्या तशी काढायची, मोजमाप घालून. तिच्याकडे तेव्हा बटणांचा फोन होता, आणि चांगला फोन असता तरी तिने चित्रच काढलं असतं. त्या चित्रांत दोरीवरच्या साड्या होत्या, समोरच्या काकूंची तुळस होती, कठड्यावर झोपलेलं मांजर होतं. मी आजवर पाहिलेली सगळ्यात सुंदर चित्रं ती आहेत, आणि ती भेगांची आहेत.

आठ महिन्यांत पट्ट्या तडकायला लागल्या. आईने आधी चेअरमनकाकांना सांगितलं, मग बैठकीत सांगितलं, की पावसाआधी बिल्डिंग रिकामी करून आधार द्यायला हवा. तिथून सगळं फिरलं. तिसऱ्या मजल्यावरचे एकजण म्हणाले, डिप्लोमावाल्या बाईच्या सांगण्यावरून आम्ही पोरंबाळं घेऊन रस्त्यावर यायचं का? कोणीतरी म्हणालं, हिला बिल्डरने फोडलंय. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. त्या वर्षी मखर बाजारातून तयार आणायचं असं चेअरमनकाकांनी आधीच जाहीर केलं, आमच्या दारात उभं राहून, आई आत पोळ्या लाटत असताना. जिन्यात मुलं आई दिसली की धाडकन भिंतीला टेकून बसायची आणि ओरडायची, पडली, पडली. त्यांच्या आया हसायच्या.

आईने महापालिकेच्या ऑफिसात अर्ज दिला. माणूस बघायला येईल असं तिकडून कळलं, कधी ते कळलं नाही.

त्याच सुमाराला मला बघायला ठाण्याची मंडळी येणार होती. रविवारी संध्याकाळी चार वाजता. माझं पहिलंच स्थळ. आई सकाळी मानकोलीला गेली, कारण स्लॅब भरायचा होता आणि भरायला घेतलेला स्लॅब कुणासाठी थांबत नाही. जाताना मला म्हणाली, तीनच्या आत येते, पोहे भिजवू नकोस, मी आल्यावर भिजवू.

समोरच्या दारातल्या काकू मदतीला आल्या. काकू इथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या. आई साइटवर असायची तेव्हा लहानपणी मी त्यांच्याकडे जेवलेली. बिल्डिंगने वाळीत टाकलं तेव्हाही त्या आमच्या घरी येत राहिल्या, पण येऊन आईलाच बोलायच्या. त्या दिवशी त्या गॅलरीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पाव्हणं येतील नि दारात फुटकी काच बघतील? फुटकी काच घरात ठेवीत न्हाय गो. आरसा तडकला तरी आपण बाहेर टाकतो. काढ ती."

मी म्हटलं, आईच्या आहेत.

"आईला काय, ती भिंतीशी लगीन लावून बसलीय. तुझं व्हायचं हाय अजून."

मी सांगितलं ना, मला माहीत होतं त्या पट्ट्या कशासाठी आहेत. मला कुणी फसवलं नाही. मला फक्त त्या दिवशी आमचं घर इतरांच्या घरासारखं दिसायला हवं होतं. मी स्वयंपाकघरातून उलथनं आणलं आणि एकेक पट्टी खरवडून काढली. काकूंनी खाली वर्तमानपत्र धरलं. सहाही पट्ट्या त्यात पडल्या. पुडी बांधून मी खाली कचऱ्याच्या गाडीत टाकून आले. दहा मिनिटं लागली असतील.

आई पावणेतीनला आली. चप्पल काढायच्या आधी तिला भिंत दिसली.

"पट्ट्या कुठे गेल्या?"

"पडल्या," मी म्हटलं. "सकाळी झाडताना खाली पडलेल्या दिसल्या. कचऱ्यात गेल्या."

"सहाच्या सहा?"

काकू आतून म्हणाल्या, "वारा होता ना सकाळी."

आईने भिंतीवर बोटं फिरवली. प्लास्टरची भुकटी बोटांवर घेऊन चोळली, वास घेतला. मग म्हणाली, पाणी जास्त झालं असणार माझ्याकडून. आणि हात धुऊन पोहे भिजवायला गेली. त्या संध्याकाळी ती पाहुण्यांसमोर फार चांगलं बोलली. आठ दिवसांनी मध्यस्थाकडून नकार आला. मुलीची आई बिल्डिंग पडणार म्हणून सांगत फिरते असं त्यांना कळलं होतं. अशा घरातली मुलगी नको.

त्या रविवारीच, पाहुणे गेल्यावर, आईने फ्रेमवाल्याच्या उरलेल्या काचेतून सहा नव्या पट्ट्या बसवल्या. मंगळवारी महापालिकेचा माणूस आला. मी कॉलेजला गेले नव्हते, म्हणून सगळं पाहिलं.

त्याने पट्ट्यांवर टॉर्च मारला. "या तर सगळ्या शाबूत आहेत, मॅडम."

आईने सांगितलं की या परवाच्या आहेत, आधीच्या तडकलेल्या होत्या, माझ्या चुकीने पडल्या. तो म्हणाला, मग तडकलेल्या दाखवा. आईने वही पुढे केली. त्याने उभ्याउभ्या पानं उलटली. चेअरमनकाका त्याच्या खांद्यावरून बघत होते.

"चित्रं छान काढता," तो म्हणाला. "यात मांजर कशाला?"

"आकाराचा अंदाज यावा म्हणून."

चेअरमनकाका हसले, मग तोही हसला. त्याने विचारलं, यावर इंजिनियरची सही कुणाची? आई म्हणाली, माझीच वही आहे. तो म्हणाला, तसं नाही, अधिकृत सही. मग त्याने वही मिटली आणि तिच्या हातात दिली. "घरी लहान मुलं असतील तर शिकवा त्यांना. हात चांगला आहे तुमचा."

तो गेल्यावर जिन्यातून चेअरमनकाकांचा आवाज वर येत होता, मांजराची गोष्ट ते एकेका दाराशी थांबून सांगत होते. आई गॅलरीतच उभी होती. तेव्हा मी बोलले असते तर ती धावत जाऊन त्या माणसाला फाटकाशी गाठू शकली असती. कचऱ्याच्या गाडीत सहा तारखांच्या काचा गेल्या आहेत हे माझ्या तोंडून त्याने ऐकलं असतं. मी दार लोटून आत गेले आणि परीक्षेचा अभ्यास काढून बसले.

मे महिन्यात बिल्डिंगला रंग दिला. नव्या पट्ट्या रंगाऱ्याने काढून टाकल्या. भेगांत पुट्टी भरली, वरून पिस्ता रंग. सगळे म्हणाले, बघा, कशी उभी आहे.

श्रावणात, सकाळी पाणी यायच्या वेळी, काकू गॅलरीतल्या नळावर हंडा लावत होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचा तळ सुटला, बरोबर जिन्याच्या कोपऱ्यात, आणि परातीएवढा तुकडा त्यांच्या उजव्या खांद्यावर आला. आई आंघोळ करत होती. ओल्या केसांनी बाहेर आली, काकूंचा हात फळीला बांधला, बाबांबरोबर दवाखान्यात पाठवलं आणि स्वतः मानकोलीला गेली. साइटवरचे लोखंडी टेकू टेम्पोत घालून दुपारी घेऊन आली आणि दोन माणसं हाताशी घेऊन कोपरा उचलून धरला. बाकीची गॅलरी त्या टेकूंवर राहिली. आजही आहे. लोक त्यांच्यावर कपडे वाळत घालतात.

मला वाटलं होतं, आता तरी कोणी म्हणेल की बाई बरोबर होती. तसं कोणी म्हणालं नाही. म्हणाले, हातोडी मारमारून हिनेच भिंती खिळखिळ्या केल्या. म्हणाले, वर्षभर पडणार पडणार म्हणत होती, तिच्या तोंडातून निघालं ते झालं. चेअरमनकाकांच्या बायकोने मुलांना आमच्या दारावरून जायला बंदी केली.

आणि आईने दोष स्वतःवर घेतला. लोकांनी लावलेला नव्हे, तिने स्वतः शोधलेला. ती बाबांना म्हणाली, "त्या मंगळवारी माझ्या जुन्या पट्ट्या जागेवर असत्या तर त्याला काहीतरी लिहावंच लागलं असतं. साधं प्लास्टर मला नीट कालवता आलं नाही." तिने साइटवर जाणं सोडलं, ऑफिसात बसून दुसऱ्यांचे नकाशे कॉम्प्युटरवर उतरवायचं काम घेतलं. साहेबांनी विचारलं तर म्हणाली, हाताचा भरवसा राहिला नाही. पेन्सिल तिने पुन्हा धरली नाही. मी बी. ए. पहिल्या वर्गात पास झाले, पुढे बी. एड. केलं, नोकरी लागली. पेढे वाटताना ती सगळ्यांना सांगायची, आमच्याकडची पहिली.

काकूंचा हात पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही. आई रोज ऑफिसातून आली की त्यांच्याकडे जायची, तेल कोमट करून खांदा चोळायची, केस विंचरून अंबाडा घालून द्यायची. काकू पाटावर बसून सांगायच्या, "जरा जोरान चोळ. तुझ्या भिंतींनी वाट लावली ना माझी." आई जोराने चोळायची. आम्ही काल्हेरला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो तरी ती दर रविवारी शेअर रिक्षाने भिवंडीत जाऊन काकूंचं डोकं धुऊन यायची. काकूंना सगळं ठाऊक होतं. मलाही. त्या माझ्याकडे बघायच्या नाहीत आणि मी त्यांच्याकडे.

अकरा वर्षं असं चाललं. मग आईच्या किडन्या गेल्या.

डायलिसिसहून आणलं की ती दुपारभर पडून असायची. पाणी मोजून द्यायचं होतं. अशाच एका दुपारी ती म्हणाली, रविवारी मला जमणार नाही, काकूंचे केस तू धुऊन ये. तेव्हा मी सांगितलं. उलथनं, वर्तमानपत्र, कचऱ्याची गाडी, सगळं. रडत सांगितलं. मला वाटत होतं ती एकतर मला जवळ घेईल किंवा हाकलून देईल.

तिने विचारलं, "किती तडकल्या होत्या?"

"तीन. की चार."

"जिन्याजवळची?"

"आठवत नाही."

"तिरकी गेली होती का सरळ?"

मला तेही आठवत नव्हतं.

"तारखा होत्या त्यांच्यावर. काढताना एक तरी वाचलीस?"

"नाही."

ती छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अकरा वर्षं मी मनात ते प्लास्टर कालवतेय. कधी पाणी जास्त, कधी कमी. तू पडल्या म्हणालीस म्हणून पडल्या. तुझ्यावर संशय घ्यावा हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

तिने विचारलं, "आणि तिला ठाऊक होतं?"

"पेपर त्यांनीच धरला होता."

तिने स्वतःचे हात पांघरुणावर काढून ठेवले आणि बघितले. त्या हातांवर सुया टोचून टोचून गाठी आल्या होत्या. मग म्हणाली, "मी मेले की तिला माझ्या अंगाला हात लावू देऊ नकोस. एवढं कर."

"आणि मी?"

"तू माझी पोर आहेस," ती म्हणाली. "तुझं मी काय करणार?"

असं बोलून तिने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती सात आठवडे जगली. माझ्या हातून खाल्लं, माझ्या हातून अंग पुसून घेतलं, औषध कडू आहे की नाही एवढं बोलली. वर्गात आज काय शिकवलंस, हे ती आधी रोज विचारायची. ते तिने विचारायचं सोडलं.

ती सकाळी गेली. बाबा असताना गेली म्हणून बायकांनी हिरवी साडी, चुडा, हळदकुंकू काढलं. भिवंडीहून बिल्डिंगची माणसं आली. वाळीत टाकणारी सगळी आली आणि सगळ्यांनी सांगितलं की बाई गुणी होती, मखर काय करायची. चेअरमनकाका हॉलमध्ये बसून बाबांना धीर देत होते. आतल्या खोलीत बायका न्हाऊ घालायच्या तयारीत होत्या. काकू पुढे आल्या. उजवा हात उचलत नव्हता म्हणून डाव्या हाताने कुंकवाची डबी धरली होती. "माझी बहीणच व्हती," त्या म्हणाल्या. "मी लावते आधी."

मी त्यांचं मनगट धरलं. "तुम्ही नको."

एकीने विचारलं, का गं, काय झालं? आता सांगायचं होतं. माझ्या तोंडाशी आलं होतं. ते सांगायचं तर पहिला शब्द "मी" असा होता. मी म्हटलं, "आईची इच्छा होती," आणि काकूंना धरून दारापर्यंत नेलं. मागून कोणीतरी पुटपुटलं, शिकली पण रीत शिकली नाही. म्हातारीला अशा वेळी बाहेर काढते. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. उंबऱ्यावर त्या थांबल्या आणि फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलल्या.

"मी नुसता पेपर धरलेला, बाय."

मी दार लावून घेतलं. आत पाणी कोमट झालं होतं. बायकांनी माझ्यासाठी जागा केली, तांब्या माझ्या हातात दिला, लेकीचा मान म्हणून. मी पायांपासून सुरुवात केली.